चिमणी अधिक एक

"फाईल पाठवलीस तरच चूक सापडेल," असं विद्युल्लताताईंनी परवा लिहिलं होतं. आज अनसूया फ्लॉपी घेऊन आली होती.

मशीनसमोर बसण्याआधी तिनं मागे वळून पाहिलं. दाराजवळ एक माणूस लाल हेल्मेट मांडीवर घेऊन बसला होता. परवाही तो होता. भिवंडीच्या निजामपुऱ्यातल्या या सायबर कॅफेत बाई म्हणजे ती एकटीच. बाहेर कापडाच्या लूमचा खडखडाट इतका, की कुणी नावानं हाक मारली असती तरी ऐकू आली नसती. तिला ते बरंच वाटायचं. नावानं हाक येण्याचीच तिला धास्ती होती.

दीड वर्षापूर्वी ती नाशकातून अंगावरच्या कपड्यांनिशी पळून आली होती. सुधीरच्या कॉम्प्युटर क्लासात शिकायला गेली आणि मास्तरांशीच लग्न करून बसली, झालं. सुधीर बोलायला मोठा गोड. रागावला की मात्र इस्त्री हातात घ्यायचा. मनगटावरचा डाग झाकायला ती भर उन्हाळ्यातही लांब बाह्या घालायची.

माईंनी तिला आसरा दिला. अंबाडीच्या रस्त्याला माईंचं घर होतं. मारहाणीतून सुटून आलेल्या बायकांना त्या ठेवून घेत आणि मग गुपचूप कुणाच्या घरी, कुणाच्या राहनाळच्या गोदामात कामाला लावून देत. कोण कुठे आहे ते फक्त माईंना ठाऊक. कुणीतरी जुना कॉम्प्युटर दान दिला, तेव्हा ती यादी त्यांनी अनसूयाच्या हवाली केली.

"यातलं एक नाव बाहेर गेलं ना अनसूया, तर ती बाई जिवाला मुकेल," माई म्हणाल्या होत्या. "आणि तुझंही नाव त्यातच आहे, विसरू नकोस."

अनसूयानं प्रोग्राम लिहिला, पण त्यात भूत शिरलं. येसूचा भाऊ तिला मानानं घरी घेऊन गेला, म्हणून अनसूयानं येसूचं नाव काढून टाकलं. यादीत ते दिसेना. पण एकूण बाया किती असं विचारलं की येसू हजर! गेलेली प्रत्येक बाई मोजणीत परत यायची. गेलेल्या परत येतात, तर उद्या एखादी असलेलीच गळेल, आणि मग तिची खबर कोण घेणार?

विचारायचं कुणाला? भिवंडीत क्लासवाले होते, पण क्लासवाले सगळे एकमेकांना ओळखून. सुधीरच्या कानावर जायला कितीसा वेळ! त्यापेक्षा इंटरनेटवर बरं. तिथे कोण कुठला, कुणाला पत्ता नाही.

नवशिक्यांच्या मेसेज बोर्डावर तिनं खोट्या नावानं प्रश्न टाकला, खाली मोजणीचा कोड जोडला. एकेक बाई सापडली की कोडातली 'चिमणी' एकानं वाढायची. आकड्याला असलं नाव कुणी शहाणा ठेवत नाही, पण बोटांना वळण लागलं की लागलं.

दोन उत्तरं आली. एकानं नुसती टर उडवली होती. दुसरं विद्युल्लताताईंचं. त्या पुण्याच्या कॉलेजात शिकवत. "घाबरू नकोस बाळ, सगळ्यांच्याच चुका होतात," त्यांनी लिहिलं होतं. 'बाळ' वाचून तिला भर कॅफेत रडू फुटलं होतं.

पण म्हणून काही ती बायकांची नावं कुणाच्या हाती देणार नव्हती. एवढी खुळी नव्हती ती! निघण्याआधी घरीच तिनं फ्लॉपीवर फाईलची नक्कल केली, त्यातली सगळी नावं डिलीट केली, यादी उघडून पाहिली. कोरी. मग त्यात ठकी आणि बायडी अशा दोन बाया मनानंच रचून घातल्या.

आता कॅफेतून ती फाईल तिनं ताईंना पाठवली आणि उठली.

लाल हेल्मेटवालाही उठला.

अनसूया गल्लीत शिरली. मागून चपला वाजू लागल्या. तिनं पाय उचलले, तसा तोही पळू लागला. सुधीरनं माणूस पाठवला, संपलं सगळं.

"ओ बाय! थांबा ना! किती पलता!" तो धापा टाकत पुढे आला. "ही तुमची फ्लॉपी हाय ना? मशीनमधीच ऱ्हायली व्हती."

तिला हसावं की रडावं कळेना. फ्लॉपी तिनं छातीशी धरली.

"काय गं, पांढरीफटक पडलीस ती?" घरी माईंनी विचारलं.

"काही नाही माई. मी आपली उगाच घाबरते."

"घाबर हो, पण आधी जेवून घे."

त्या रात्री ती बऱ्याच दिवसांनी गाढ झोपली. दुसऱ्या दिवशी दुपारी कॅफेत गेली, तर ताईंचं उत्तर येऊन पडलेलं.

"बाळ, तुझी चूक अगदी नवशिक्याची आहे. डिलीट केलं म्हणजे नाव पुसलं जात नाही. त्याच्यावर नुसती खूण होते आणि यादी ते नाव लपवते. कायमचं पुसायला पुढे पॅक करावं लागतं. ते तू केलंच नाहीस, म्हणून गेलेल्या बायका मोजणीत येतात."

एवढंच होय! अनसूयाला हायसं वाटलं. कागदावर टिपून घ्यायला तिनं पेन काढलं, आणि पेन हातातच राहिलं. काल पाठवलेल्या फाईलमध्येही तिनं नुसतं डिलीटच केलं होतं.

तिनं पान खाली सरकवलं.

"रिकॉल म्हटलं की लपलेली सगळी नावं परत येतात. मी म्हणून पाहिलं. सगळ्या आल्या, पत्त्यांसकट. तूही आलीस. क्लासात हा धडा व्हायच्या आधीच तू पळालीस ना, म्हणून फसलीस. मोजायला चिमणी घ्यायची, हे मी शिकवलेलं मात्र विसरली नाहीस, अनू."