खंडेनवमीचे बूट

स्पेननं फुटबॉलचा वर्ल्डकप जिंकला त्या वर्षीची खंडेनवमी. कॅनडात, बर्नाबीतल्या बेसमेंटमध्ये नीलिमानं पाटावर लॅपटॉप, गाडीची किल्ली, सुरी मांडली. लेकीनं, ऊर्मीनं, फुटबॉलच्या कोचना बजावलं होतं, “तुमचं हत्यार पूजेला आणा.” स्पॅनिश कोच लंगडत आले, खोक्यातून त्यांनी जुन्या पद्धतीचे बूट काढले. पायताण देवापुढे? नीलिमा घुटमळली. “थांबा, चिखल धुऊन आणते,” म्हणत तिनं ते उलटे केले. तळव्यांवर साधा ओरखडाही नव्हता. “पहिल्या मोठ्या मॅचसाठी घेतले होते,” कोच हसून म्हणाले. “आदल्या दिवशी सरावात गुडघा गेला.” तेव्हापासून पंचवीस वर्षं ते दुसऱ्यांनाच खेळवत आले होते. नीलिमानं न धुताच बूट देवापुढे ठेवले, हळदकुंकू वाहिलं. “आता?” कोचनी विचारलं. “आज हत्यारांना सुट्टी,” ऊर्मी म्हणाली, “उद्यापासून बूट घालायचे!” “उद्या,” कोच म्हणाले, आणि गुडघा धरून खाली बसले.