एकतीस अंगठे

बरोबर पाचला क्लिक सुरू झाले आणि साडेपाचला एकतीस भरले. जाहिरातीचं त्या दिवसाचं बजेट तिथंच संपलं. शाहीननं लॅपटॉप भावाकडं फिरवला.

"पाह्य भाई. आजही तोच फोन. एकतीस वेळा आला, अन् ऑर्डर एक नाही."

"मंग बंद कर ना त्याले! पाहत काय बसली?" जावेद म्हणाला.

मलकापुरातलं बी-बियाण्यांचं हे दुकान त्यांच्या वडिलांनी, शकूरभाईंनी सुरू केलेलं. मागच्या वर्षी गुलाबी बोंडअळीनं बीटी कपाशीचीही गय केली नाही, तेव्हा यंदा जावेदनं त्या अळीच्या पतंगांचे सापळे विकायला ठेवले. आत मादीच्या वासाची गोळी, त्या वासानं नर येतो आणि पिशवीत अडकतो. कुणी फोनवर 'बोंडअळी' शोधलं की सगळ्यात वर आपलं दुकान दिसावं, ही कल्पना शाहीनची. दर क्लिकला पैसे पडत. रविवारपर्यंत जाहिरातीचं चीज झालं नाही, तर जाहिरात बंद आणि शाहीनचं दुकानात बसणंही बंद, असं जावेदनं बजावून ठेवलं होतं.

काउंटरवर मात्र झुंबड होती. कुठल्या कुठल्या गावांचे शेतकरी बसनं यायचे, 'एकराले पाच' असं तोंडपाठ सांगायचे आणि घासाघीस न करता सापळे न्यायचे. इंटरनेटचं नाव एकाच्याही तोंडी नसे.

"अब्बाचं नाव हाय बाजारात," जावेद छाती फुगवून म्हणायचा. "तुह्या लॅपटॉपनं काय आणलं?"

शाहीन हार मानणारी नव्हती. चुटकुल्यांच्या एका ॲपवरून लोक चुकून बोट लागून येत, ते तिनं वगळलं. फुकट गाण्यांच्या एका साइटवरून तर माणसं नव्हे, यंत्रंच क्लिक करत. तीही गेली. राहिला हा फोन. त्यावरून एकदाच प्रश्न आला होता, "पाखरू रात्री येते का दिवसा?" खाली नाव सिंधूताई, आणि सातपुड्याच्या पायथ्याचं एक गाव. दुसऱ्या कुणा दुकानदारानं आपले पैसे जाळायला भाड्यानं बोटं लावली असणार, याबद्दल शाहीनला शंकाच नव्हती.

शनिवारी दुपारी तिनं ते अख्खं गाव जाहिरातीतून वगळलं. एका बटणाचं काम. पण चोर डोळ्यांनी पाहिल्याशिवाय तिला चैन पडेना. तिनं जळगाव जामोदची बस धरली आणि पुढं काळीपिवळी जीप.

सिंधूताईंचा पत्ता विचारत पावणेपाचला ती बुद्धविहाराजवळच्या ओट्यावर पोचली. सिंधूताई साठीच्या, चष्मा दोऱ्यानं बांधलेला. आसपासच्या बारा गावांत कामाला जाणाऱ्या मजूर बायांच्या टोळीच्या त्या मुकादम होत्या. शाहीननं नुसतं "सहज आली होती मावशी, पाणी मिळंन का?" म्हटलं, तर तिला पाणी मिळालं, वर चहाही.

तेवढ्यात टेम्पो आला. दिवसभर निंदून आलेल्या बाया उतरल्या, नळावर हात धुतले आणि मुकाट्यानं रांगेत उभ्या राहिल्या. एकतीस होत्या.

"पंजाबरावच्या वावरात अकरा. काल सात होते," पहिली म्हणाली.

"नारायणरावच्या नाल्याकडच्या तुकड्यात चार," दुसरी म्हणाली.

मालकांच्या सापळ्यांत अडकलेल्या पाखरांचे आकडे होते ते. अन्नपूर्णाबाई नावाच्या एका म्हातारीनं तर नऊ दिवसांचे आकडे एका दमात सांगितले, कागद नाही की पेन नाही. शाहीनच्या अंगावर काटा आला. बारा गावांची कपाशी या बायांच्या डोक्यात होती.

"अन् फोन कायले, मावशी?" तिनं विचारलं.

"हजेरी हाय बाई. रेशनच्या मशीनवर अंगठा देतो ना, तसा. जिचा तिनं द्यावा लागते. सगळ्यात वर निंगते ते आपल्या भागाले नेमून देलेलं दुकान. तिथं अंगठा पडला म्हणजे आज पाखरं मोजली."

जाहिरातीवर अंगठा! शाहीनला हसावं की काय करावं कळेना. "तुमच्या कपाशीत किती सापळे लावले?" तिनं विचारलं.

रांगेत हशा पिकला. "आमची कुठली कपाशी? एकीचंही वावर नाही."

"मंग मोजता काऊन? कोणी पैसे देते?"

अन्नपूर्णाबाईंनी आपले हात पुढं केले. "मागच्या साली बोंडं या हातानं फोडली, पोरी. आत नुसती अळी. कपाशी मालकाची गेली, पण वेचणी तं आमची गेली."

शाहीनचे डोळे भरून आले. इतकी चोख, इतकी शहाणी माणसं तिनं एका जागी कधी पाहिली नव्हती. यांच्यावर आपण चोरीचा आळ घेतला, याची तिला लाज वाटली. पण शेतच नाही तिथं सापळा कोण घेणार? ही गिऱ्हाइकं नव्हेत, हे तिचं अनुमान खरंच निघालं होतं. मन हळहळलं, तरी गाव वगळलं ते बरोबर, असं तिनं स्वतःला समजावलं.

सिंधूताईंनी फोनवर 'बोंडअळी' शोधलं. पहिलीनं अंगठा पुढं केला, पण त्यांनी तो थांबवला. चष्मा नीट करून सगळ्यात वरची ओळ दोनदा वाचली आणि रांगेकडं वळून त्या मोठ्यानं म्हणाल्या,

"बायांनो, दुकान बदललं! ज्या ज्या मालकाले सापळे घ्याले धाडता, त्याले उद्यापासून मलकापूर नका सांगू."