मृत्युपत्र म्हणजे वसीयत

नोएडाहून आलेल्या अहिल्याला करोल बागच्या घरात, टेबलावर बाबांच्या अक्षरातलं पाकीट दिसलं: 'माझे मृत्युपत्र'. दिल्लीत वाढलेल्या तिला मृत्यू कळला, पत्र कळलं आणि ती पाकीट घेऊनच आत धावली. बाबांच्या खोलीला आतून कडी होती.

"बाबा, दार उघडा ना! प्लीज, बाबा!" ती दोन्ही हातांनी दार बडवत राहिली.

बऱ्याच वेळाने कडी निघाली. तिच्या हातातलं पाकीट बघून बाबा हसले. "वेडाबाई, मृत्युपत्र म्हणजे वसीयत! घर तुझ्या नावावर केलंय."

ती रडता रडता हसली आणि डोळे पुसत चहा ठेवायला गेली.

 

ज्या चिठ्ठीला ती घाबरली होती, ती बाबांनी मग खिशातून काढली आणि फाडून टाकली.