खाली वळलेला बाण

"शिरढोण शाखा तोट्यात गेलीय," दूध संघाचे अध्यक्ष अण्णा पडद्यावरच्या तक्त्यावर बोट ठेवून म्हणाले. संचालक चकित झाले. एरवी तक्ता लागला की अण्णा हिशेब विभागातल्या कुमुदबाईंना म्हणायचे, "बाई, तुम्हीच वाचा." लोकांना तो अडाणीपणा वाटे.

मागच्या सत्कारात अण्णांनी लाल म्हणून हिरवा फेटा उचलला, तेव्हा कुमुदबाईंच्या डोक्यात प्रकाश पडला. तोट्याचा लाल आणि नफ्याचा हिरवा आकडा अण्णांना सारखाच दिसत होता. कुणाजवळ न बोलता बाईंनी सॉफ्टवेअरला नियम घालून दिला: तोटा आला की आकडा ठळक, शेजारी खाली वळलेला बाण.

सभेनंतर अण्णा दारात थांबले. "बाई, यापुढे तक्ता मीच वाचणार."

अठरा वर्षांचं तक्ता वाचून दाखवायचं काम हातातून गेलं, आणि कुमुदबाई ताठ मानेनं जागेवर जाऊन बसल्या.