रांगेतली दुसरी

सणसरची सोनम, उसाच्या बांधांवरून उड्या मारत वाढलेली, जिम्नॅस्टिक्सला आली ती वैदेहीच्या मागाहून चार वर्षांनी. तरी सरांनी रांगेत पहिलं उभं केलं तिलाच. वालचंदनगरच्या वैदेहीला मग रोज संध्याकाळी समोर सोनमच्या भेगाळलेल्या टाचा तेवढ्या दिसायच्या, आणि त्या दिसल्या की तिच्या पोटात दुखायला लागायचं.

राज्य स्पर्धेची निवड आठवड्यावर आली होती. बारामतीच्या हॉलमध्ये सोनमनं पळायला पाय रेटला, काडकन आवाज झाला आणि ती मटकन खालीच बसली. टाच धरून तिनं मागं वळून पाहिलं.

"लाथ कुणी मारली गं?"

तिच्या लगेच मागं वैदेहीच होती.

"सॉरी," तिच्या तोंडून निघून गेलं. "चुकून लागली."

सगळ्या मुलींनी ऐकलं. दवाखान्यात जाताना वैदेहीच्या शेजारी कुणी बसलं नाही.

डॉक्टरांनी सोनमची पोटरी दाबली. पाऊल हललंच नाही.

"टाचेमागची शीर तुटलीय. मागून कुणीतरी लाथ घातली असंच वाटतं, सगळ्यांना वाटतं. पण मारलेलं कुणीच नसतं, बाळा. ती अशी पाय रेटतानाच तुटते."

वैदेहीच्या जिवात जीव आला. सरांनीही तिच्या पाठीवर हात ठेवला.

सोनमनं मात्र मान वळवून वैदेहीकडं पाहिलं.

"मग तू सॉरी कशापायी म्हणालीस गं?"