पाठ केलेलं वाक्य

“काका, पुन्हा एकदा. जोरात.”

नारूने पाठ केलेलं म्हणून दाखवलं. “मला मुलगी नाही. माझा पोरगा होता, तो मेला.”

“राग कमी पडतोय,” टीव्हीवाला नविन म्हणाला. “मुक्ताच्या तोंडावर हे बोलायचं आणि दार आपटायचं. तिचं नाचणं कोण बघतं, काका? घरच्यांनी हाकललं का, हेच लोकांना बघायचं असतं.”

सहा वर्षांपूर्वी मुक्ता पहिल्यांदा पंजाबी ड्रेस घालून नरपडला घरी आली, तेव्हा नारूने एवढंच विचारलं होतं, “जेवलीस का गं, बाय?” तिला जुन्या नावाने हाक मारणाऱ्या सख्ख्या भावाशीही त्याने बोलणं टाकलं होतं. आणि आता हे?

“तिला ठाऊक हाय ना पण? फोन लावून द्या एकदा.”

“स्पर्धकांचे फोन आमच्याकडे जमा असतात. अहो, तिनेच सुचवलंय! मतं मिळाली की पोरगी थेट अंतिम फेरीत.”

सकाळपासून नारू ते वाक्य घोकत होता. घाबरला की त्याची वाचाच बसायची. होडी उलटली तेव्हाही ओरडता आलं नव्हतं. नुसता फळीवर मुठी आपटत राहिला होता.

“नाय जमायचं मला. ती रडली की मी दार उघडीन.”

“मग बाहेरून कडी लावू. ‘कट’ म्हटलं की उघडतो.”

हे नारूला पटलं. त्याने बोंबलाचं कालवण मंद आचेवर ठेवलं, दोन ताटं मांडली.

गाडी थांबली. मुक्ता धावतच आली. “बाबा!”

तिच्या टिकलीवर नजर ठेवून त्याने वाक्य म्हणून टाकलं. भीतीने आवाज फाटला, तो थेट रागासारखा वाटला. दार आपटलं. कडी सरकली.

बाहेर हुंदका फुटला. काय नाटक करते पोर! नारू दाराला कान लावून ‘कट’ची वाट बघू लागला.

“बाबा, काय चुकलं माझं? जाताना तर तूच म्हणालेलास, परत आलीस की बोंबील करतो...”

मग नविनचा दबका आवाज आला. “तिला कुणी काही सांगू नका. खरं रडतेय.”

नारूने तोंड उघडलं. आवाज फुटेना. तो दोन्ही मुठींनी दारावर तुटून पडला.

“दार घे, दार! म्हाताऱ्याचा राग बघ!” नविन कॅमेरावाल्याला म्हणाला.

“नको आपटूस, बाबा,” बाहेरून मुक्ता म्हणाली. “हाताला लागेल. जाते मी.”