भिंतीवरचा उलटा रस्ता

आईची अर्धशिशी उठली, म्हणून लेकीने भर दुपारी खिडकीच्या लाकडी झडपा लावून घेतल्या. एका झडपेला बारीकसं भोक होतं. अंधार झाला तसा समोरच्या भिंतीवर बाहेरचा रस्ता उमटला, रंगांसकट, पण उलटा.

"घाबरू नकोस," शाळेत विज्ञान शिकवणारी लेक म्हणाली. "कॅमेऱ्याचा जन्म अशाच अंधाऱ्या खोलीत झाला. हे चित्र कागदावर धरून ठेवायला लोक फार पुढे शिकले. फोटो म्हणजे उजेडाने काढलेलं चित्रच."

आईला हसू आलं. "दूधवाला डोक्यावर चालतोय, पण थेंब सांडत नाही बघ!"

मग तिने भिंतीकडे बोट केलं. "हा एकटाच सरळ कसा गं?"

त्या उलट्या चित्रात एक माणूस खालच्या आभाळावर पाय ठेवून सरळ उभा होता. तोंड त्यांच्याकडेच.

लेकीने झटकन उठून भोकाला डोळा लावला. बाहेर दूधवाला होता, सायकली होत्या. तो माणूस कुठेच नव्हता.

"अगं, रस्ता विझला," मागून आई म्हणाली.

"माझं डोकं आड आलं ना."

"मग हा का नाही विझला?"

लेकीची मान वळेना. "भिंतीवर कुठे आहे तो?"

"भिंतीवर नाहीये आता," आई कुजबुजली.